मदत हवी आहे: ब्लू-रेची कॉपी अर्ध्यात अडते, रूपांतर केलेल्या फाइलमध्ये आवाज मागे पडतो

धागाकर्ता:

नमस्कार मंडळी,

आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या जुन्या प्रयोगांचं चित्रीकरण ब्लू-रे डिस्कवर आहे. सगळ्या डिस्क आमच्याच, बीडी-आरवर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे) बर्न केलेल्या, त्यामुळे कॉपी प्रोटेक्शनची भानगड नाही. मूळ कॅमेऱ्यातल्या फाइल्स आता कुणाकडेच नाहीत. जे आहे ते या डिस्कवर. त्यातले काही नट आज हयात नाहीत, म्हणून हे काम नीट व्हावं अशी फार इच्छा आहे. बॅकअप हार्ड डिस्कवर ठेवायचा आणि सगळ्यांना टीव्हीवर पाहता येईल अशी फाइल करून द्यायची, एवढंच करायचंय.

सगळ्यात मोठी काळजी एका ड्युअल लेयर (डेटाचे दोन थर असलेल्या) डिस्कची आहे. ५० जीबीची डिस्क, आत ४४ जीबीच्या आसपास डेटा. कॉपी सुरू केली की आधी वेग चांगला मिळतो. २४-२५ जीबी झाले की ड्राइव्हचा आवाज बदलतो: जोरात फिरतो, मंदावतो, पुन्हा जोर धरतो, आणि शेवटी रीड एरर. दर वेळी जवळपास त्याच जागी. उजेडात धरून पाहिली, ओरखडा दिसत नाही. प्लेयरवर मात्र हीच डिस्क चालते, फक्त दुसऱ्या अंकात एका ठिकाणी चित्र क्षणभर गोठतं. ड्राइव्ह यूएसबीवर चालणारा स्लिम आहे, वेगळा अडॅप्टर नाही, हबला जोडलाय.

ज्या डिस्क कॉपी झाल्या त्यांचं दुखणं वेगळंच. स्ट्रीम फोल्डरमधल्या एमटूटीएस (ब्लू-रेच्या व्हिडिओ) फाइल्स हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक करून एमपी४ केल्या आणि मग जोडल्या. पहिल्या अंकात ओठ आणि शब्द चोख जुळतात, तिसऱ्या अंकापर्यंत आवाज चांगलाच मागे पडलेला असतो. नाटकात हे सहनच होत नाही, विनोदाची जागा हातची जाते. ऑडिओला डिले देऊन पाहिला, तर शेवट जुळतो आणि सुरुवात बिघडते.

शिवाय नटाने हात झटकन हलवला की हाताच्या कडेला आडव्या बारीक रेघा दिसतात. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी घातलेली मराठी सबटायटल्स एमपी४मध्ये एकतर येत नाहीत, नाहीतर चित्रावर कायमची छापली जातात. आणि मोठी फाइल पेन ड्राइव्हवर जातच नाही.

जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा. वेळ लागला तरी चालेल.

प्रतिसाद:

आधी एक कळकळीची विनंती: रूपांतर तूर्त बाजूला ठेवा. रूपांतर पुढच्या वर्षीही करता येईल, डिस्क तोवर वाचता येईलच याची खात्री नाही. आधी प्रत्येक डिस्कची आहे तशी आयएसओ इमेज (संपूर्ण डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब प्रत) काढा. वेष्टनावर एलटीएच असं लिहिलेल्या डिस्क असतील तर त्यांना पहिला नंबर द्या. त्यांचा रंगथर सेंद्रिय असतो आणि प्रकाशाने लवकर खराब होतो.

आता अडलेली डिस्क. तुम्ही दिलेला आकडा बोलका आहे. ब्लू-रेच्या एका लेयरवर २५ जीबी मावतात. पहिला लेयर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत. म्हणजे २४-२५ जीबीला लेसर डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेला असतो आणि तिथेच लेयर बदलतो. डिस्क हाताळताना आपली बोटं नेमकी त्याच कडेला लागतात. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी आत असतो (डीव्हीडीत ०.६ मिमी), त्यामुळे पुसट ठसाही लेसरला आडवा येतो. मऊ, स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. कडेला दोनदा पुसा.

हब काढा. स्लिम ड्राइव्हला एका पोर्टमधून मिळणारी वीज कधीकधी अपुरी पडते आणि वेग घेताना तो धापा टाकतो. थेट कॉम्प्युटरला जोडा, दोन तोंडांची केबल असेल तर ती वापरा.

एवढं करूनही अडलं तर साधी कॉपी नको, डीडीरेस्क्यू (खराब डिस्कमधून डेटा वाचवणारं सॉफ्टवेअर) वापरा. ब्लॉक साइझ २०४८ द्या आणि मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) ठेवाच. पहिल्या फेरीत तो खराब भाग सोडून पुढचं सगळं वाचून घेतो, नंतर फक्त राहिलेल्या जागांवर परत येतो. खरा फायदा पुढे आहे: तीच मॅप फाइल आणि तीच इमेज देऊन दुसऱ्या ड्राइव्हवर डिस्क लावता येते. एकाला वाचता न आलेले सेक्टर (डेटाचे छोटे तुकडे) दुसऱ्याला बरेचदा वाचता येतात.

आवाजाचं कारण जोडकामात आहे. एसी-३ (डॉल्बी डिजिटल) ऑडिओची एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची, २५ फ्रेम्सच्या व्हिडिओतली एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. फाइल जिथे तुटते तिथे दोन्ही एकाच क्षणी संपत नाहीत. प्रत्येक तुकडा स्वतंत्र एन्कोड करून जोडला की प्रत्येक सांध्यावर थोडा थोडा फरक साठत जातो. म्हणूनच एकच डिले देऊन तो सुटत नाही. तुकडे कसे जोडायचे याची नोंद प्लेलिस्ट फोल्डरमधल्या एमपीएलएस फाइलमध्ये असते. मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरमध्ये आयएसओ उघडा, पूर्ण लांबीचं टायटल निवडा आणि एकच एमकेव्ही फाइल (व्हिडिओ, आवाज, सबटायटल्स एकत्र ठेवणारी) काढा. यात पुन्हा एन्कोडिंग होत नाही, दर्जा तसाच राहतो. हँडब्रेकला मग ही एक फाइल द्या.

रेघा इंटरलेसिंगच्या (फ्रेमच्या सम-विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपण्याच्या) आहेत, चित्रीकरण १०८०आय असणार. हँडब्रेकच्या डीइंटरलेसमध्ये यादीफ आणि बॉब हे पर्याय निवडा. सेकंदाला ५० फ्रेम्स मिळतात आणि हालचाल मूळच्यासारखी सफाईदार राहते. रंगमंचावर अंधार फार असतो, म्हणून आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला) १८-२० ठेवा आणि टीव्हीला चालत असेल तर १०-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ एन्कोडिंगचा प्रकार) घ्या. नाहीतर काळोखात पट्टे दिसतात.

पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, त्यात ४ जीबीची फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

दुसरा प्रतिसाद:

सबटायटल्सबद्दल लिहितो. ब्लू-रेवरची सबटायटल्स मजकूर नसतात, ती चित्रं असतात (पीजीएस). एमपी४मध्ये पीजीएस ठेवता येत नाही, म्हणून हँडब्रेक ती छापतो. एमकेव्हीत ती तशीच राहतात आणि बंद-चालू करता येतात, तेव्हा आधी तेच करून पाहा.

टीव्हीला पीजीएस चालत नसेल तर सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये एमकेव्ही उघडून टेसरॅक्टने ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) करा, मराठीचा डेटा उपलब्ध आहे. मात्र एकेक ओळ डोळ्यांखालून घाला. रफार गळतात, अनुस्वार सरकतात, जोडाक्षरं फुटतात. एसआरटी (मजकूर सबटायटल्सची) फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा. काही टीव्हींवर देवनागरीऐवजी चौकोन येतात. तिथे चित्रावर सबटायटल्स छापलेली प्रतच बरी, ती वेगळी करून ठेवा.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. कड पुसून, थेट पोर्टला जोडून डीडीरेस्क्यू चालवलं. २५ जीबीचा टप्पा पार झाला! दुसऱ्या अंकातल्या त्या जागेचे काही सेक्टर मात्र अजून राहिलेत. एमकेव्हीतला आवाज शेवटपर्यंत जुळतोय. राहिलेल्या सेक्टरमुळे किती नुकसान होईल?

प्रतिसाद:

ब्लू-रेवर चुका सुधारणारा ब्लॉक ६४ केबीचा असतो, म्हणून सहसा एवढा तुकडा एकदम जातो. तो एका फ्रेमपेक्षाही कमी वेळाचा डेटा आहे, पण पुढच्या फ्रेम्स त्यावर अवलंबून असल्याने चित्र पुढची की-फ्रेम (स्वतःत पूर्ण असलेली फ्रेम) येईपर्यंत, म्हणजे सेकंदभरापर्यंत, फुटलेलं दिसू शकतं. संवाद बहुतेक वाचतील. तरी इमेज आणि मॅप फाइल जपून ठेवा, कुणाचा तरी मोठा, स्वतंत्र विजेवर चालणारा ड्राइव्ह मागून आणा आणि कमी वेगाने राहिलेल्या जागा पुन्हा वाचा. ते झाल्यावर आयएसओचा एसएचए-२५६ (प्रत तंतोतंत आहे का हे तपासायचा आकडा) काढून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती करा. मूळ डिस्क टाकू नका.