मदत हवी आहे: बर्फाळ रस्त्यावर घोड्यांचा ट्रेलर, ब्रेकचा गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) किती ठेवावा?

दोन घोड्यांचा ट्रेलर पिकअपच्या मागे बॉल हिचवर (ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर) आहे. ट्रेलर रिकामा ११०० किलो, घोडे प्रत्येकी साधारण ५०० किलो. दोन अ‍ॅक्सल, चारही चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक. १८० किमी जायचंय, मध्ये घाट आहे आणि पहाटे तापमान शून्याच्या आसपास असेल. पिकअपला विंटर टायर आहेत, ट्रेलरला नेहमीचेच. पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरचा गेन उन्हाळ्यापासून ६.५ वर आहे, तोच चालेल का? आणि थंडीसाठी ट्रेलरचे व्हेंट बंद करू का?

प्रतिसाद १

६.५ नको. तो आकडा कोरड्या डांबरासाठी, भरलेल्या ट्रेलरसाठी आहे. बर्फावर तेवढ्याने चाकं जाम होतील. जाम झालेल्या चाकाला आडवी पकड राहत नाही, ट्रेलर बाजूला निसटतो. पण गेन अगदी खाली आणणंही तितकंच धोक्याचं, कारण मग दोन टनांवर वजन पिकअपला मागून ढकलतं आणि वळणावर दोन्ही गाड्या कात्रीसारख्या मिटतात.

घोडे चढवण्याआधी तशाच निसरड्या, सपाट, मोकळ्या जागी २५-३० किमी वेगाने फक्त कंट्रोलरच्या हाताच्या लीव्हरने ब्रेक लावा. बाहेर कुणीतरी उभं राहून चाकं बघावीत. जाम होत असतील तर अर्ध्या आकड्याने खाली या, पुन्हा बघा. रिकाम्या ट्रेलरची चाकं लवकर जाम होतात, त्यामुळे घोडे चढल्यावर हळू चालवत दोन-तीन हलके ब्रेक मारून गेन जरासा वाढवावा लागेल. पुढे कोरडा रस्ता लागला की तो पुन्हा चढवा, हे हमखास राहून जातं.

ट्रेलर डोलायला लागला तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, लीव्हर अगदी हलका दाबा. पायाचा ब्रेक जोरात मारू नका.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. टायरचं मात्र मनावर घ्या. पिकअप थांबेल आणि ट्रेलर थांबणार नाही, अशी जोडी झाली आहे तुमची. ट्रेलरच्या टायरची नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं. बनवल्याचा आठवडा आणि वर्ष टायरच्या बाजूवर चार आकड्यांत असतं, तेवढं वाचा. तापमान ५-६ अंश उतरलं की हवा साधारण १ पीएसआय कमी होते, म्हणून निघायच्या पहाटेच, टायर थंड असताना मोजा.

बर्फासाठी टायरवर चढवायच्या साखळ्या पिकअपच्या ओढणाऱ्या चाकांना, आणि एक जोडी ट्रेलरच्या ब्रेक असलेल्या अ‍ॅक्सलला. साखळ्यांवर ५० किमीच्या वर जाऊ नका. घाट उतरताना गिअर उतार सुरू व्हायच्या आधी खाली घ्या. क्रूझ कंट्रोल बंद. पूल रस्त्याच्या आधी गोठतात, तिथे ब्रेकही नको आणि वळणही नको.

प्रतिसाद ३

व्हेंट बंद करू नका! घोड्याच्या श्वासातली वाफ आणि मुताचा अमोनिया आत कोंडला तर त्याची फुप्फुसं बिघडतात. छताचे व्हेंट उघडे, अंगावर थेट झोत येणाऱ्या खिडक्या बंद. झूल पातळच घाला. जाड झुलेखाली घाम येतो आणि थांबल्यावर तोच घाम गारठवतो. दोर इतका सैल ठेवा की मान खाली करून नाक मोकळं करता येईल. वाळलं गवत भिजवून द्या म्हणजे धूळ उडणार नाही. गार पाणी घोडे कमी पितात, त्यामुळे कोमट न्या.

चढवण्याआधी खुरांतला बर्फ खरवडून काढा, गोठलेल्या रॅम्पवर वाळू टाका. एकच घोडा न्यायचा झाला तर तो रस्त्याच्या मधल्या बाजूच्या कप्प्यात, कारण रस्ता कडेला उतरता असतो.

धागाकर्ता

खूप उपयोगी. रात्री ट्रेलर लावताना काय काळजी घ्यावी?

प्रतिसाद १

हँडब्रेक असेल तर ओढून ठेवू नका, ओले ब्रेक शू ड्रमला गोठून चिकटतात. चाकांखाली ठोकळे लावा. सकाळी कपलरच्या (ट्रेलरच्या बॉलवर बसणाऱ्या तोंडाच्या) आतला बर्फ काढून मगच बॉलवर बसवा, नाहीतर लॅच लागल्यासारखी दिसते पण बसलेली नसते. लॅच लावल्यावर ट्रेलरच्या पुढच्या जॅकने पिकअपचा मागचा भाग थोडा उचलून बघा: बॉल सुटला नाही तर बसलं. ब्रेकअवे बॅटरी (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) थंडीत उतरते, तीही त्याच वेळी मोजा.