मदत हवी आहे: एक स्वयंपाक, पाच तोंडं आणि एकत्र जेवायची वेळ (सातारा)

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी,

घरात आम्ही पाच जण. वडील एसटीतून चालक म्हणून निवृत्त, आता बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ निम्म्यावर आणायला सांगितलंय. आईचे गुडघे दुखतात आणि हल्लीच कवळी बसवलीय, त्यामुळे कडक काही चावत नाही. मुलगा अकरावीत, त्याला तर्री दिसल्याशिवाय घास उतरत नाही. बायको स्टाफ नर्स, तिची ड्युटी तीन पाळ्यांत फिरती. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. भाकरी सोडून सगळं करतो. भाकऱ्या आई ओट्यापाशी खुर्ची ओढून थापते, मी भाजतो.

अडचण अशी की रोज तीन पातेली चढतात. वडिलांची अळणी आमटी, मुलासाठी झणझणीत काहीतरी, आईला मऊ खिचडी. एवढं करून कुणी खूश नाही. वडील चमचा आमटीत फिरवत म्हणतात, "दवाखान्याचा डबा आता घरपोच यायला लागला." आयुष्यभर डेपोच्या कँटीनला जेवलेला माणूस, त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. कुणीच कुणाबरोबर जेवत नाही. वडील साडेसातच्या बातम्या लागल्या की ताट घेऊन बसतात. मुलगा क्लासवरून पावणेनऊला येतो आणि मोबाईल ताटाला टेकवून जेवतो. बायको सेकंड शिफ्टला असली की साडेनऊ होतात. आई सगळ्यांना वाढायला म्हणून थांबते आणि शेवटी निवलेलं खाते.

तर प्रश्न दोन. एक, सगळ्यांना चालेल असं एकाच पातेल्यात काय आणि कसं करावं, तेही आपलं नेहमीचंच? ओट्स, क्विनोआ आणले तर वडील घर सोडून जातील. आणि दोन, ज्यांच्या घरी असे वेळेचे घोळ आहेत ते एकत्र कसे बसतात?

"डबा लावा" हा सल्ला नको. "बायकोला नोकरी सोडायला सांगा" हा तर अजिबात नको, तो नातेवाइकांकडून भरपूर मिळतो.

कोरेगावची माहेरवाशीण

दादा, तीन पातेली चढवायची गरजच नाही. पातेलं एकच, फोडण्या दोन. आमटी किंवा उसळ साधी शिजवा: हळद, हिंग, थोडा ठेचलेला लसूण, मीठ निम्मं. वडिलांची आणि आईची वाटी काढून घ्या. मग छोट्या कढल्यात तेल तापवून गॅस बंद करा, तेल जरा निवलं की त्यात चमचाभर चटणी टाका, लाल कट सुटतो. तो मुलाच्या वाटीत वरून ओता. तेल कडकडीत असताना चटणी टाकलीत तर ती जळून काळी होते आणि घरभर ठसका.

यासाठी वाघ्या घेवड्यासारखं कडधान्य नाही. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं, कुकरला मऊ होईपर्यंत शिजवायचा. थोडे दाणे डावाने घोटले की आमटीला आपसूक दाटपणा येतो, दाण्याचा कूटही लागत नाही. आईंना घोटलेला भाग द्या. कच्चट मात्र ठेवू नका, अर्धवट शिजलेला घेवडा पोट बिघडवतो.

कराडचा पाहुणा

वाघ्या म्हणजे राजमाच ना शेवटी? आमच्याकडे अख्खा मसूर करतात. भिजवायची भानगड नाही, अर्ध्या तासात कालवण तयार. नोकरी करणाऱ्या माणसाला तेच बरं.

कोरेगावची माहेरवाशीण

पाहुणे, राजम्याचाच भाऊबंद आहे, पण दाणा लहान, अंगावर लालसर रेघा आणि चव वेगळी. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय त्याला. बाजारात कुठलाही रेघांचा राजमा वाघ्या म्हणून खपवतात, ओळखीच्या दुकानातूनच घ्यावा. मसूर चांगलाच आहे, पण तुमच्याकडच्या ढाब्यावर तो ज्या तेलात पोहतो ते दादांच्या वडिलांना चालणार नाही.

आज्जीची काठवट

मी वेगळंच विचारते. तुमची कांदा-लसणाची चटणी घरची आहे का? उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली?

शाहूपुरीकर

हो काकू, घरचीच. आईच्या देखरेखीखाली. का?

आज्जीची काठवट

मग मीठ तिथे आहे बघा. मिरच्या, धने, तीळ, खोबरं, तळलेला कांदा, लसूण, कोथिंबीर आणि वर जाडं मीठ. वर्षभर टिकायला हवी म्हणून आपण मीठ सढळ हाताने घालतो. तुम्ही आमटीत मीठ निम्मं टाकताय, आणि चटणीचे दोन चमचे गेले की ते मागच्या दाराने परत येतंय. ज्या भाजीत चटणी घालाल तिला वरून मीठ टाकायच्या आधी चव बघा. बहुतेक वेळा लागतच नाही.

पापडाचंही तेच, त्यात मीठ आणि खार दोन्ही असतात. लोणचं, सांडगी मिरची, फरसाण, बेकरीची खारी सगळं त्याच हिशोबात धरा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या ताकापर्यंत सगळं धरून. वडिलांच्या पानातला एक पापड आणि लोणच्याची फोड बाजूला केलीत तर आमटी इतकी अळणी करायची वेळच येणार नाही.

आणि कमी मिठाचं जेवण बेचव लागू नये म्हणून आंबट घाला. चिंच, लिंबू, टोमॅटो, ताक. वरून भाजलेले तीळ किंवा कारळ्याची बिनमिठाची चटणी भुरभुरा. भाकरीत आपण मीठ घालत नाहीच, चपातीच्या कणकेतलंही बंद करा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. मीठ एकदम निम्मं करू नका, दर आठवड्याला थोडं थोडं खाली आणा, जिभेला सवय होते. आमच्या ह्यांना तर आता बाहेरची भाजी खारट लागते.

कृष्णाकाठ

काकूंशी सहमत. एक भर घालतो. दुकानात "कमी सोडियमचं मीठ" मिळतं, घाईने ते आणू नका. त्यात सोडियमच्या जागी बऱ्यापैकी पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असलेल्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना ते धोक्याचं ठरतं. आमच्या घरात किडनीचा पेशंट आहे म्हणून माहीत. आधी डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवून विचारा.

बाकी आमटीत गुळाचा खडा टाकून बघा, कमी मीठ खपून जातं.

माणदेशी चूल

आमटीत गूळ?? सांगलीकर, तुम्ही कृष्णाकाठचे का मुठाकाठचे?

कृष्णाकाठ

कटाच्या आमटीत घालत नाही का तुम्ही? मग रोजच्या आमटीने काय पाप केलंय.

माणदेशी चूल

बरं, गूळ राहू द्या. शाहूपुरीकर, तुमच्या आईसाठी सांगतो, कण्या करा. शाळू गिरणीतून भरडून आणायचा, पीठ चाळून काढायचं, मागे राहतात त्या कण्या. तास-दोन तास भिजवून, पाण्याला उकळी आली की वैरायच्या आणि मंद आचेवर मऊ होईस्तोवर हलवत राहायचं. वर आंबटसर ताक, कच्चा कांदा, कोथिंबीर. कवळीवाल्या माणसाला दातांचं कामच नाही. तुमच्या वडिलांनी लहानपणी खाल्ल्या असतीलच, दवाखान्याचा डबा म्हणायचे नाहीत. पोराला त्याच कण्यांवर तुमचा तो कट द्या, नाहीतर लसणाची खमंग फोडणी. एक पातेलं, तीन वाट्या, तुमच्या प्रश्नाला जसंच्या तसं उत्तर.

भाकरीही त्यांना खाता येईल, पण तव्यावरून काढल्या काढल्या. पीठ आठवड्याच्या वर जुनं नको, जुन्याची चिकी जाते, मग कडा चिरतात आणि भाकरी वाळल्यावर दगड होते. पीठ कढत पाण्यात मळा, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात नीट सगळीकडे फिरवा आणि भाजून झाली की लगेच सुती फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवा. ताटात उघडी ठेवलेली भाकरी दहा मिनिटांत गेलीच.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे आभार. चटणीतल्या मिठाचं आईला सांगितलं तर म्हणाली, "मग बिनमिठाची चटणी टिकणार कशी, तुझ्या मोबाईलला विचार." वडील मात्र लगेच उठून बसले: "म्हणजे आमटीत मीठ घालायला हरकत नाही तर!" समजूत घालतोय.

पहिला प्रश्न सुटल्यात जमा आहे. दुसऱ्याचं काय?

कराडचा पाहुणा

वडिलांना साडेपाच-सहाला काहीतरी पोटात द्या. घुगऱ्या, फुटाणे, केळं, ताक. मग नऊपर्यंत थांबतील.

मिरजेची मावशी

नको हो. पंचाहत्तरीच्या माणसाला नऊला जेवायला घालून साडेनऊला झोपवायचं? रात्रभर छातीत जळजळ. शिवाय त्यांच्या गोळ्या जेवणाच्या वेळेला बांधलेल्या असतात, त्या कोण हलवणार?

माझं ऐका, रात्रीचा नादच सोडा. एकत्र जेवण रात्रीच व्हावं हे कुणी ठरवलं? आपल्याकडे सकाळी नऊ-दहाला भाकरी-कोरड्यास खाऊन माणसं रानात जायची, पोटभर जेवण तेच असायचं. तुमची मिसेस नाईट करून सकाळी किती वाजता येतात? मुलाचं कॉलेज कधी असतं? मी वर्षानुवर्षं रेल्वेतल्या माणसाचा संसार केलाय. मिरज जंक्शनला ड्युटी, आज पहाटे, उद्या मध्यरात्री. रात्रीच्या जेवणाची वाट बघत बसले असते तर आमची मुलं बापाला लग्नातच भेटली असती. आम्ही ड्युटीचा कागद आला की त्यातल्या वेळा बघून खुणा करायचो, ह्या दिवशी सकाळी, त्या दिवशी दुपारी. रोज नाही, आठवड्यातून जमेल तितकं. पण जमलं की सगळे खाली सतरंजीवर.

शाहूपुरीकर

मावशी, हे डोक्यातच आलं नव्हतं. नाईट असली की ती साडेआठपर्यंत घरी येते. मुलाचं कॉलेज बाराला. मला साडेदहाला निघायचं असतं. म्हणजे नऊ ते दहा सगळे घरात असतात आणि त्या वेळेत आम्ही प्रत्येक जण वेगवेगळा चहा पीत असतो! आईला फक्त सतरंजी जमणार नाही, तिला खुर्ची.

मिरजेची मावशी

मग सगळेच टेबलाला बसा, सतरंजीचा हट्ट कुठेय. मिसेस रात्रभर जागून आलेल्या असतील, त्यांना त्या दिवशी कामाला हात लावू देऊ नका. खाऊन सरळ झोपू द्या. आणि आईंना वाढायला बसवू नका. पातेलं मधे ठेवायचं, ज्याने त्याने घ्यायचं. त्या वाढायला राहिल्या की पुन्हा शेवटीच जेवणार, आमच्या पिढीची खोडच ती.

शाहूपुरीकर

आज सकाळी जमवलं, म्हणून कळवतो. घेवडा रात्री भिजत घातला होता. सकाळी कुकर लावला, चिंच घातली, चटणी अजिबात नाही, मीठ बेताचं. कट वेगळ्या वाटीत. भाकऱ्या आईने थापल्या, पण शेवटची तव्यावर टाकली की उठायचं असं आधीच ठरवून घेतलं होतं. ती बसली, तिच्यापुढे गरम भाकरीचा पापुद्रा सोलून ठेवला, तो तिने आमटीत कुस्करून खाल्ला.

वडिलांनी पहिल्या घासालाच विचारलं, पापड कुठाय. मुलाने त्याचा कट त्यांच्या वाटीत चमचाभर ओतला, मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग आजोबा-नातवात फलटण डेपोची मिसळ भारी का वाईची यावरून जुंपली. मुलगा दोन्हीकडे कधी जेवलेला नाही, तरी हरायला तयार नव्हता. बायको अर्धी भाकरी खाऊन तिथेच पेंगायला लागली. मोबाईल टेबलावर होता, पण उपडा. एवढं पुष्कळ झालं.

आता आईच मागे लागलीय की येत्या उन्हाळ्यात वडिलांसाठी थोडा बिनमिठाचा मसाला वेगळा करायचा. टिकेल का? आणि डंकवाला एवढासा माल घेतो का?

आज्जीची काठवट

टिकतो, पण वर्षभराचा करू नका, दोन-तीन महिन्यांपुरताच. कांदा उन्हात कडकडीत वाळवून मग तळा, खोबरं आणि लसूणही चांगले परतून घ्या, ओल राहिली की बुरशी आलीच. बरणी फ्रीजमध्ये, चमचा कोरडा. तिखटाला ब्याडगी जास्त आणि लवंगी कमी घ्या, रंगही येईल आणि वडिलांना झेपेल.

किलोभराचा माल असेल तर डंकवाले घेतात. फक्त नंबर सकाळी पहिला लावा. आधी कुणाचा तरी खारट मसाला कुटून झालेला असला तर त्याचं मीठ उखळीत राहिलेलं असतं, ते सगळं तुमच्या डब्यात येईल.