मारातल्या पक्ष्यांनी कुणाची सफारी खाल्ली?

माळरान
"पक्षीवाल्यांना गाडीत घेऊ नका" ही परवाची पोस्ट वाचल्यापासून डोकं फिरलंय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: ग्रुप टूरने केनियातलं मसाई मारा अभयारण्य, एका क्रूझरमध्ये सहा जण, त्यातलं एक जोडपं सारखं गाडी थांबवायचं, म्हणून बिबट्या हुकला. निष्कर्ष काय, तर आधी बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस), पाखरं काय आपल्याकडेही दिसतात.

असं लिहिणाऱ्याने कोरी बस्टर्ड पाहिलेला नाही. उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक, नर १८ किलोपर्यंत भरतो, आणि मारात तो रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर गवतातून निवांत चालत असतो. आपल्या माळढोकाचा सख्खा भाऊबंद. मी सोलापूरचा. नान्नजच्या माळावर माळढोक दिसायचे ते दिवस मी पाहिलेत, आणि आता दिवसभर बसून काहीच न दिसता परतणंही पाहिलंय. अशा माणसासमोर कोरी आला आणि मागून आवाज आला, "चला हो, कोंबडी काय बघायची!" तर राग येणार नाही?

सेक्रेटरी बर्ड घ्या. सापाला लाथांनी बडवून मारणारा शिकारी पक्षी, २०२० पासून जागतिक यादीत संकटग्रस्त. तो आपल्याकडे कुठे दिसतो, सांगा.

आणि बिबट्या, सिंह हवेत ना? मग तिथले गाईड कशावरून माग काढतात ते बघा. गिधाडं कुठे उतरताहेत, गिनीफाउल कुणाला बघून ओरडताहेत, यावरून. पक्ष्यांकडे पाठ फिरवून मांजरं शोधणारा गाईड मला अजून भेटायचाय.

घाटकोपरकर
पोस्ट माझी आहे. आईला घेऊन गेलो होतो, वय ७४. तिला पुन्हा नेणं होणार नाही, हे तिलाही माहीत होतं. दोघांच्या खर्चासाठी एफडी मोडली.

रेडिओवर "चुई, चुई" ऐकू आलं, स्वाहिलीत बिबट्या. तळेक नदीकाठी झाडावर बिबट्या. आमची गाडी तेव्हा एका बारक्या तपकिरी पक्ष्यापुढे उभी, आणि जोडप्याचा आपसात वाद, हा सिस्टिकोला कुठला म्हणून. पोहोचलो तेव्हा झाड रिकामं. आई एक शब्द बोलली नाही. ज्याच्यावर ही वेळ आली नाही त्याने मला माळढोक शिकवू नये.

माळरान
सिस्टिकोलासाठी बाकीच्या चौघांना अडकवून ठेवणं मलाही पटत नाही. तेवढं मान्य. पण तुम्ही त्या दोघांवर नाही, सगळ्या पक्षीवाल्यांवर लिहिलंत.

गटप्रमुख
ग्रुप नेणं हा माझा धंदा आहे, म्हणून बोलतो. चूक ना जोडप्याची, ना आईंची. बुकिंग घेताना कुणी विचारलंच नाही की तुम्हाला काय बघायचंय. सहाही सीट भरल्या की झालं.

दुसरं, पक्षी बघायचे तर जुलै-ऑगस्टला मारात जायचा हट्ट कशाला? तेव्हा सगळे विल्डबीस्टचं (मोठ्या आफ्रिकी हरणांच्या कळपांचं) नदी ओलांडणं बघायला आलेले असतात. पार्कची फीसुद्धा परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १००. उत्तरेकडून येणारे स्थलांतरित पक्षी नोव्हेंबर ते मार्च तिथे असतात.

पिसारा
अगदी! आपल्या लोणावळ्यावरून जाणारा अमूर ससाणा तिथे दिसतो. मी तर जुलैत त्याच्यासाठीच जाणार आहे.

गटप्रमुख
ताई, जुलैत तो आफ्रिकेत नसतो. चीन-सायबेरियाकडे घरट्यावर असतो. नोव्हेंबर-डिसेंबरला जा, तेव्हा केनियातून थव्यांनी दक्षिणेला जात असतात, तिथल्या त्सावो अभयारण्याकडे बघा.

वरोऱ्याचा
मला एकच कळत नाही. लाखो रुपये घालून आफ्रिकेत रुसवेफुगवे करण्यापेक्षा ताडोबाला या की! वाघ जगात दुसरीकडे इतका सहज दिसत नाही. पक्षी हवेत तर मत्स्य घुबड आहे, स्वर्गीय नर्तक आहे, मे अखेरीस नवरंग येतो. आमच्या भागातल्या पोरांना गाईडचं काम मिळतं. पैसा इथेच राहू द्या.

पिसारा
ताडोबाचं नावच काढू नका. जिप्सीत बसले आणि गाईडला म्हटलं, दादा, आज वाघ नको, पक्षी दाखवा. तो हसला आणि सगळी फेरी पाणवठ्यावर वाघाची वाट बघत काढली. नवरंगाची शीळ कानावर येत होती, गाडी हलली नाही.

वरोऱ्याचा
कारण तुमच्या मागच्या सीटवरचे चौघे वाघ दिसला नाही तर त्याच्या नावाने तक्रार करतात. बक्षीस वाघावर मिळतं, नवरंगावर नाही. त्या पोराला दोष देऊ नका. मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली आमच्याकडची माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात, आणि तरी तोच पोरगा पहाटे गेटवर उभा असतो. पुण्या-मुंबईच्या लोकांना नवरंगाची शीळ-बिळ सुचते.

पिसारा
मी नाशिकची. आणि पुण्या-मुंबईचं काढून विषय टाळू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी पुढून-मागून कोंडलं, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेही पर्यटकांनीच केलं का? स्टिअरिंग कुणाच्या हातात होतं?

वरोऱ्याचा
स्टिअरिंग आमच्या पोरांच्या हातात होतं. त्याचं समर्थन करत नाही, करणारही नाही. पण "अजून जवळ घ्या ना" हे मागून कोण म्हणतं, तेही लिहा.

घाटकोपरकर
माझ्या आईचा बिबट्या कुठे राहिला आणि तुम्ही कुठे पोहोचलात.

नैरोबीकर
नोकरीमुळे अनेक वर्षं इथे आहे. ताडोबाचं भांडण वाचून हेच सांगावंसं वाटलं की मारात वेगळं काही नाही. एका प्राण्याजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा नियम आहे. सिझनमध्ये चित्त्याभोवती किती असतात ते मोजा आणि मग बोला. २०१८ साली मारातल्या चित्त्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात माद्यांनी एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं मोठी केली, गर्दी कमी तिथे २.३. घाटकोपरकर, रेडिओवर "चुई" ऐकून तुमच्यासारख्या किती गाड्या त्या झाडाकडे धावल्या असतील? बिबट्या उतरून गेला तो सिस्टिकोलामुळे की त्या गर्दीमुळे, हे तुम्हाला कसं कळलं?

आईंना नेता तेव्हा रिझर्व्हच्या बाहेरची कन्झर्व्हन्सी बघायला हवी होती. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी. जमीन मसाई कुटुंबांची, भाडेपट्ट्याने घेतलेली, भाडं त्यांच्या हातात जातं. खाटा मोजक्या, म्हणून गाड्या मोजक्या. महाग आहे, पण धावाधाव नाही.

घाटकोपरकर
महाग आहे हे तुम्हीच म्हणताय. एफडी मोडून गेलेल्या माणसाला त्याहून महागाचा सल्ला देणं सोपं असतं. आईच्या शेजारी तुम्ही बसला नव्हतात.

नैरोबीकर
नव्हतो. गर्दीचा मुद्दा तरी खोटा ठरत नाही.

माळरान
त्यात गिधाडांचंही घाला. गुरं मारणाऱ्या सिंहासाठी मढ्यात कार्बोफ्युरान हे कीटकनाशक घालतात आणि ते खाऊन गिधाडं थव्याने मरतात. आपण गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने आपली गिधाडं घालवली, २००६ साली बंदी आणेपर्यंत फार उशीर झाला होता. मारात मढ्यावर बसलेली गिधाडं बघून मी गाडी थांबवायला सांगतो तेव्हा तो छंद नसतो. ती पुढच्या वेळी असतील का, हा प्रश्न असतो.

गटप्रमुख
मी एक करतोय. पुढच्या नोव्हेंबरच्या ग्रुपमध्ये पक्षीवाल्यांची गाडी वेगळी, चार जणांची, ज्यादा पैसे त्यांनीच भरायचे. बुकिंगच्या वेळीच लिहून घेणार.

घाटकोपरकर
असं असेल तर माझं भांडण नाही. पोस्टमधलं "आपल्याकडेही दिसतात" हे काढतो. कोरी बस्टर्ड आमच्याही गाडीसमोरून गेला होता, आईला आवडला होता, तेवढं खरं आहे. बाकीचं सगळं तसंच ठेवतोय. आणि ताडोबावाल्यांनी वेगळा धागा काढावा.