बॅटरी नवीन, तरी सेल्फ मारला की एकच ‘टक्’

खाडीकिनारा

गाडी पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, मॅन्युअल, २०१३ ची. मुक्काम रत्नागिरी, बारा महिने उघड्यावर उभी. किल्ली फिरवली की पुढून एकदाच ‘टक्’ आणि पुढे सामसूम. पाच-सहा वेळा फिरवली की एखाद्या वेळी इंजिन फिरतं. धक्का मारला की लगेच चालू. हॉर्न खणखणीत, डॅशबोर्डचे दिवे नेहमीसारखे.

बॅटरी ३५ एएचची, नवीन टाकली. गाडी उभी असताना १२.६ व्होल्ट. इंजिन चालू असताना १३.९, हेडलाइट लावले की १३.५. वायरमनने मीटरने कंटिन्युइटी (वायर सलग आहे का) बघितली, सगळीकडे बीप येतो, म्हणून आता सेल्फ (स्टार्टर मोटर) बदला म्हणतोय. त्याआधी साध्या मल्टीमीटरवर काय तपासता येईल?

अर्थवायर

कंटिन्युइटीचा बीप या कामात कवडीचा नाही. केबलच्या पन्नास तारांपैकी एक शिल्लक असली तरी मीटर बीप देतो. सेल्फ दीडेकशे अँपिअर ओढतो. तेवढ्या करंटला वाटेत फक्त ०.०२५ ओहम आडवा आला तरी जवळजवळ ४ व्होल्ट तिथेच जातात. आणि ०.०२५ ओहम तुमच्या मीटरला दिसणारच नाही, कारण त्याच्या स्वतःच्या दोन पिनांच्या वायरीच ०.२-०.३ दाखवतात. म्हणून ओहम विसरा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि एकजण किल्ली धरून असतानाच मोजा.

आधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे मोजताना इंजिन अचानक चालू होणार नाही. एका वेळी किल्ली पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. बॅटरी आणि सेल्फ दोन्ही तापतात.

पहिलं माप: बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांवर. क्लॅम्पवर नाही, खुंटावरच पिन टेकवा. इंजिन फिरत असताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीच संशयित.

दुसरं: लाल पिन बॅटरीच्या प्लस खुंटावर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर, जिथे बॅटरीची केबल येते. किल्ली मारल्यावर ०.५ च्या आत हवं.

तिसरं, आणि माझा संशय इथेच आहे: काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर, लाल थेट सेल्फच्या बॉडीवर किंवा इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. ०.२ पर्यंत चालेल. रंगावर किंवा गंजावर पिन टेकवलीत तर आकडा खोटा येतो, जरा खरवडून घ्या.

चौथं माप सेल्फच्याच दोन जाड बोल्टांमध्ये, म्हणजे बॅटरीची केबल येते तो आणि मोटरकडे जाणारा. ‘टक्’ होऊनही तिथे १२ व्होल्ट राहिले तर सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा विजेचा स्विच, ‘टक्’ त्याचाच) आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत. अशा वेळी मोटरमधून करंटच जात नाही, त्यामुळे बॅटरी १२ च्या वरच राहते आणि दुसऱ्या-तिसऱ्या मापात जवळपास शून्य येतं. त्यावर फसून ‘केबल चांगल्या आहेत’ असा निष्कर्ष काढू नका. बॅटरी १२ च्या वर आणि चौथं मापही शून्य, असं दिसलं तर मोटरचे कार्बन (ब्रश) संपलेत.

रिले_८७

वरचं बरोबर आहे, पण आवाजाकडेही लक्ष द्या. एकच दणदणीत ‘टक्’ म्हणजे सोलेनॉइडला हुकूम पोचला. ‘कटकटकटकट’ असा मशीनगनसारखा आवाज म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल: सोलेनॉइड आत ओढला जातो, मोटरचा भार येताच व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज परत येतं, तो पुन्हा ओढतो. आणि काहीच आवाज नाही तर जाड केबलला हात लावायचं कारण नाही, दोष बारीक वायरीच्या बाजूला आहे: इग्निशन स्विच, सेल्फचा रिले, क्लच पेडलचा स्विच असेल तर तो. रिले हॉर्नच्या रिलेशी अदलून बघा, मात्र दोन्हींवरचा नंबर आणि पायांची मांडणी एकच हवी.

गाडी फक्त तापल्यावरच हट्ट करत असेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर किल्ली मारताना किती येतं ते मोजा. ७-८ व्होल्टच येत असतील तर स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेत. थंड कॉइल तेवढ्यावर ओढून घेते, गरम कॉइलचा रेझिस्टन्स वाढलेला असतो, ती नाही ओढत. यात सेल्फचा काही गुन्हा नसतो.

खाडीकिनारा

आवाज एकच, दणदणीत. तापण्याशी संबंध नाही, सकाळीही तेच. मापं घेतली, सगळी ‘टक्’ होऊन इंजिन न फिरताना:

बॅटरीच्या खुंटांवर १०.९
प्लस खुंट ते सेल्फचा बोल्ट ०.४
मायनस खुंट ते सेल्फची बॉडी ४.१
सेल्फचे दोन जाड बोल्ट ०.१

अर्थवायर

मग झालं की! १०.९ मधून ०.४ आणि ४.१ गेले, सेल्फच्या वाट्याला उरले ६.४. एवढ्यावर सेल्फचा पिनियन (छोटं दातेरी चाक) पुढे सरकतो, फ्लायव्हीलच्या दात्यांत बसतो, पण कॉम्प्रेशनवर आलेला पिस्टन ढकलायला जोर पुरत नाही. धक्क्याने गाडी चालू होते कारण तेव्हा सेल्फ लागतच नाही. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), कॉइल आणि पंप मिळून थोडक्या अँपिअरवर भागतं.

आता ४.१ ची फोड करा. मायनस खुंट ते गाडीच्या बॉडीवरचा अर्थ पॉइंट एक, तिथून गिअरबॉक्स दुसरं. आणि पक्का पुरावा हवा असेल तर जंप स्टार्टची एक जाड केबल बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या लिफ्टिंग हुकला लावा आणि सेल्फ मारा.

गॅरेज_कट्टा

चार्जिंगचे आकडे कुणी बघितले नाहीत का? १३.९, आणि हेडलाइट लावले की १३.५. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही इंजिनवरच बसलेला असतो, त्याचा करंट त्याच सडक्या अर्थच्या पट्टीतून (इंजिन-गिअरबॉक्स आणि गाडीची बॉडी जोडणारी जाड वायर) परत जातो. म्हणजे नवी बॅटरीही अर्धपोटी चालली आहे. जुनी मेली ती वयानेच, असं मी तरी मानणार नाही.

आणखी एक. किल्ली मारून झाल्यावर क्लच केबलला हात लावून बघा, बेताने. पट्टी गेली की करंट मिळेल त्या धातूच्या वाटेने जातो, आणि ती केबल तापून आतून जळते. गरम लागली तर किल्ली मारणं बंद.

खाडीकिनारा

मायनस ते बॉडी ०.२, बॉडी ते गिअरबॉक्स ३.९. जंप केबल लावून, फ्यूज परत बसवून सेल्फ मारला, पहिल्या फटक्याला चालू. क्लच केबल कोमट होती, जळलेली दिसत नाही.

पट्टी काढली. बॅटरी ट्रेच्या बरोबर खाली आहे. बोल्ट घट्टच होता, म्हणून कुणाला शंका आली नसावी. लग (पट्टीच्या टोकाची बोल्टची कडी) ज्या ठिकाणी तारांवर दाबलेला असतो तिथे हिरवट पावडर. जरा वाकवली तर निम्म्या तारा हातात आल्या.

अर्थवायर

वर बॅटरी, खाली पट्टी, म्हणजे ॲसिड गळून तिच्यावरच पडतं. भरीला खारी हवा.

नवी २५ चौरस मिलीमीटरची घ्या, दोन्ही लग कथील चढवलेले आणि प्रेसवर दाबलेले. हातोडीने चेपलेला लग वर्षभरात पुन्हा इथेच आणेल. लांबी जुनीपेक्षा दोनेक इंच जास्त ठेवा, इंजिन माउंटिंगवर हलतं आणि ताणलेली पट्टी लगापाशी तुटते. बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने पांढरा धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा, आणि व्हॅसलीन त्यानंतर वरून लावा. ट्रे खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन घ्या, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणात जाऊ देऊ नका. काम करताना मायनस आधी सोडायचा आणि सगळ्यात शेवटी जोडायचा.

खाडीकिनारा

पट्टी बसली. मायनस ते सेल्फची बॉडी ०.१५, इंजिन फिरताना बॅटरीवर १०.६. चार्जिंग १४.२, हेडलाइटसकट १४.१.

रिले_८७

फ्युएल पंपाचा फ्यूज परत लावलाय ना, एवढं विचारून घेतो. निम्मे लोक दुसऱ्या दिवशी ‘आता इंजिन फिरतं पण पकडत नाही’ असा नवा धागा काढतात.

खाडीकिनारा

लावलाय. तोही हिरवट झाला होता, नवीन घातला.