‘इंचमील’मध्ये मैल आहे की जेवण?

इंग्रजी शब्दकोड्यात काल ‘हळूहळू’साठी आठ अक्षरी शब्द हवा होता. आडव्या-उभ्यातून ‘इंचमील’ निघाला. मी आधी इंच आणि मैल असा अर्थ लावला, मग स्पेलिंग पाहिलं तर ‘मील’ जेवणातलं! इंचभर जेवण? हा काय प्रकार आहे? आणि याला मराठीत नेमकं काय म्हणाल?

प्रतिसाद :
मैलाचा संबंध नाही, पण जेवणाचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘मॅल’ म्हणजे माप, ठरलेली वेळ, आणि त्या ठरल्या वेळी होणारं जेवणही. आपण ‘दोन वेळचं जेवण’ म्हणतो आणि ‘दोन वेळा सांगितलं’ असंही म्हणतो, अगदी तसंच. जर्मनमध्ये ‘त्स्वायमाल’ म्हणजे दोन वेळा, तो ‘माल’ याच घरातला. मुळाशी मोजण्याचा धातू आहे, ज्याचा संस्कृत अवतार ‘मा’. मात्रा, परिमाण, आपलं माप, सगळी त्याचीच पिलावळ.

या ‘मॅल’चं ‘मॅलुम’ हे रूप कशालाही जोडलं की ‘तेवढ्या तेवढ्या मापाने’ असा अर्थ व्हायचा. ‘ड्रॉपमॅलुम’ म्हणजे थेंबाथेंबाने, ‘स्टॅपमॅलुम’ म्हणजे पावलापावलाने. ही सगळी मंडळी कालौघात गेली, रोजच्या वापरात उरला तो ‘पीसमील’, म्हणजे तुकड्यातुकड्याने. ‘इंचमील’ कोड्यांपुरता जिवंत आहे म्हणा. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये कॅलिबन आपल्या मालकाला शाप देतो, की दलदलीतले सगळे रोग याच्यावर पडोत आणि इंचाइंचाने हा नुसता रोगच होवो. म्हणजे शब्दाला प्रगतीशी देणंघेणं नाही. चढायचं असो की सडायचं, माप इंचाचं.

प्रतिसाद :
मराठीत सरळ ‘कासवगतीने’ म्हणा की.

प्रतिसाद :
नको. कासवगती वेग सांगते, आणि त्यात थोडी टिंगलही असते. इथे वेगाचा मुद्दाच नाही, वाटा केवढा ते महत्त्वाचं. आमच्या जुन्या घरात दाराच्या चौकटीवर भावाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, दर वाढदिवसाला एक. तो हळू वाढत होता असं कुणी म्हणणार नाही. दोन रेघांमध्ये बोटभर, कधी दोन बोटं अंतर, एवढंच. ‘हळूहळू’ म्हटलं की ती रेघ पुसली जाते.

म्हणून मला ‘तिळातिळाने’ जवळचा वाटतो. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होतो म्हणतात, त्यात माप आहे. उलट बाजूला जीवही तिळतिळ तुटतो, म्हणजे कॅलिबनचीही सोय झाली.

प्रतिसाद :
तिळापेक्षा तसू घ्या! मुंबईकडच्या जुन्या मापात 24 तसूंचा गज, म्हणजे 27 इंच. एक तसू इंचाहून किंचित मोठा. ‘तसूभरही मागे हटणार नाही’ आपण अजून म्हणतो. मात्र गंमत बघा, तसू आपल्याकडे उरला तो फक्त न हलण्यासाठी. ‘तसूतसूने पुढे गेला’ असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. रस्त्यावर गाड्या तुंबल्या की मात्र सगळे म्हणतात, ‘इंच इंच सरकतोय’. तेव्हा बोलण्यात इंचच जिंकला. तो तरी कुठे अस्सल इंग्रज, लॅटिन ‘उंकिया’ म्हणजे बारावा हिस्सा. औंसही त्यातूनच आला.

मूळ प्रश्नकर्ता :
‘तिळातिळाने’ वहीत लिहून घेतलं. आता शेवटचं : ओटमील म्हणजे ओट्स मापून खायचे का?

प्रतिसाद :
नाही हो! तो ‘मील’ वेगळा, दळलेल्या पिठाचा. त्याचं नातं ‘मिल’शी, म्हणजे गिरणीशी. स्पेलिंग एक झालं म्हणून फसायला होतं.