मदत हवी आहे : तळ्याच्या जुन्या मातीच्या बांधाची तपासणी कोणाकडून करून घ्यावी?

नमस्कार. आमच्या बंगल्यांच्या सोसायटीत नौकाविहारासाठी बांधलेला, सुमारे ८ मीटर उंचीचा मातीचा बांध आता चाळिशीला आला आहे. धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा प्रामुख्याने १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू होत असल्याने आमच्या बांधाची सक्तीची तपासणी कोणीच करत नाही. मात्र खालच्या अंगाला वस्ती आहे आणि २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलेले चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणही मातीचेच होते.

बांधाच्या पायथ्याशी पूर्वीपासून थोडा स्वच्छ पाझर होता, परंतु गेल्या पावसाळ्यात ते पाणी गढूळ येऊ लागले, म्हणजे भरावातील माती आतून वाहून जात असावी, अशी मला धास्ती वाटते. उतारावर मोठी झाडे वाढली आहेत. ती तोडावीत, तर कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून पाणी वाट काढील. ठेवावीत, तर वादळात उन्मळून भरावच उखडतील. सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर, मासे अडवण्यासाठी बसवलेली जाळी मात्र कचरा अडकून ती वाट तुंबवू शकते, म्हणून काढायलाच हवी, याविषयी (काही सभासदांचा रोष पत्करूनही) माझ्या मनात शंका नाही.

अशा खाजगी बांधाची पाहणी करणारे भूतंत्र अभियंते (माती व पाया यांचे तज्ज्ञ) कोठे मिळतात, तपासणी होईपर्यंत पाणी किती उतरवावे आणि तहसीलदारांना आताच लेखी कळवावे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.