रसदीचा ताफा, तांडा की कॉन्व्हॉय?

भाषांतरकार, जुळे सोलापूर

दुसऱ्या महायुद्धातील रसदपुरवठ्याविषयीच्या एका इंग्रजी लेखाचे मी सध्या मराठी भाषांतर करते आहे. १९४४ च्या ऑगस्टमध्ये दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीतून बाहेर पडून इतक्या वेगाने पुढे सरकल्या, की पेट्रोल, दारूगोळा आणि अन्न त्यांच्या मागे धावूनही पुरे पडेना. फ्रान्समधील रेल्वे तर दोस्तांच्याच विमानांनी आधी उद्ध्वस्त केलेली होती. तेव्हा २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर या काळात ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाने ट्रकची अहोरात्र वाहतूक चालवली गेली. ती ऐन भरात असताना सुमारे ६,००० ट्रक रस्त्यावर होते आणि त्यांचे बहुतेक चालक कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते. एकट्यादुकट्या ट्रकने निघायचे नाही, निदान पाच तरी एकत्र हवेत, पुढे आणि मागे जीप हवी, दोन ट्रकांमध्ये ६० यार्डांचे अंतर आणि वेग ताशी २५ मैल, असे नियम होते.

अशा शिस्तीने, संरक्षणाखाली निघणाऱ्या गाड्यांच्या रांगेला इंग्रजीत ‘कॉन्व्हॉय’ म्हणतात; मी तिला ‘रसदीचा ताफा’ म्हटले. मसुदा वाचणाऱ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी त्यावर तांबडी रेघ ओढली आणि समासात लिहिले, की ताफा कलावंतिणींचा असतो, सैन्याचा नव्हे. शब्दाचा निवाडा तर हवाच आहे. पण त्याहून मोठी अडचण क्रियापदाची आहे. लेखाचा निम्मा भाग ही रांग निघण्यापूर्वीच्या तयारीविषयी आहे. ताफा निघतो, थांबतो, पोचतो हे ठीक; पण निघण्यापूर्वी तो बांधतात, लावतात, जुळवतात की उभा करतात?

उपसंपादक, सोलापूर

ताफा हा शब्द मूळचा अरबी ‘ताइफा’, म्हणजे गट किंवा मंडळी. त्यातूनच मराठीत ताफा आणि तायफा असे दोन्ही आले. नाचगाण्याच्या मंडळीला जुन्या मराठीत ताफा म्हणत हे खरे आहे, परंतु तो त्या शब्दाचा एक संसार झाला, सगळे आयुष्य नव्हे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ७८ वाहनांच्या रांगेवर हल्ला होऊन ४० जवान हुतात्मा झाले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी ‘जवानांच्या ताफ्यावर हल्ला’ असेच छापले आणि कोणाही वाचकाच्या मनात वावगा अर्थ आला नाही. आपल्या जिल्ह्यात फड तमाशाचा असतो, कुस्तीचा असतो आणि तोडणीला आलेल्या उसाचाही असतो. ऊसवाल्याने तमाशावाल्याची परवानगी मागितल्याचे मी ऐकलेले नाही. ताई, ताफा ठेवा.

संस्कृतचे निवृत्त अध्यापक, सोलापूर

रूढ झाले म्हणून ग्राह्य झाले, हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. तसे असते तर शिवछत्रपतींना फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेण्याचे कारणच पडले नसते. या अर्थाचा नेमका शब्द आपल्याकडे दोन हजार वर्षे आहे आणि तो म्हणजे ‘सार्थ’. संरक्षण, एकत्र प्रवास, ठरलेला मार्ग आणि एक नायक हे सारे त्यात येते. नायकाला सार्थवाह म्हणतात. महाभारताच्या वनपर्वात नळाने टाकलेली दमयंती चेदी देशाकडे निघालेल्या एका सार्थाला येऊन मिळते आणि त्या सार्थवाहाचे नावही तेथे आलेले आहे, शुची. इंग्रजी शब्दाचे मूळसुद्धा ‘सोबत वाट चालणे’ असेच आहे. मग सैन्यासाठी ‘रसदसार्थ’ म्हणण्यास कोणती हरकत आहे?

उपसंपादक, सोलापूर

हरकत वाचकाची आहे, सर. आजचा मराठी वाचक सार्थ म्हटले की सार्थ ज्ञानेश्वरी समजतो, म्हणजे अर्थासह असलेली. मथळ्यात ‘रसदसार्थ’ छापला, तर त्याचा अर्थ सांगण्यासाठी शेजारी चौकट द्यावी लागेल.

निवृत्त सुभेदार, बार्शी

माझी सर्व नोकरी सेना सेवा कोरमध्ये, वाहतुकीच्या बाजूला झाली. शक्तिमानपासून स्टॅलियनपर्यंतच्या गाड्या मी चालवल्या आणि पुढे चालवून घेतल्या. आम्ही मराठी जवान आपसात बोलताना ‘कॉन्व्हॉय लागली’, ‘कॉन्व्हॉय सुटली’ असेच म्हणत असू, आणि ती आमच्याकडे स्त्रीलिंगी होती. ताईंनी तयारीबद्दल विचारले आहे म्हणून तयारी कशी होते ते सांगतो. शब्द तुम्ही मंडळींनी बसवावा.

जोजिला घाट ११,५०० फुटांहून उंच आहे आणि हिवाळ्यात तो बर्फाने बंद होतो, त्यामुळे लडाखमधील तुकड्यांचा संपूर्ण हिवाळ्याचा शिधा, रॉकेल, कपडे आणि दारूगोळा उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत वर पोचवावा लागतो. प्रथम मागणीची यादी येते. यादीवरून वजन, वजनावरून गाड्या आणि गाड्यांवरून रस्त्यावरची लांबी काढायची. समजा ६० गाड्या आहेत, प्रत्येक साधारण ८ मीटर लांब आणि दोहोंमध्ये ५० मीटरचे अंतर, तर डोके आणि शेपूट यांच्यात साडेतीन किलोमीटर पडतात. ताशी २० किलोमीटर वेगाने ही रांग एका पुलावरून जायला दहा मिनिटांहून अधिक लागतात. घाटात वाहतूक एकमार्गी असेल तर हे गणित आधीच करावे लागते, कारण समोरून उतरणाऱ्यांना तेवढा वेळ अडवून धरायचे असते आणि नाक्यावर आपल्या नावासमोर वेळ लिहिली जात असते.

मग माल भरणे. आटा आणि रॉकेल एका गाडीत कधीही ठेवायचे नाहीत. पिंप पाझरले नाही तरी वास पिठात शिरतो आणि ते पीठ जवान खाऊ शकत नाही. जड माल तळाला आणि चाकांच्या आसावर, हलका वर. वर पोचल्यावर जे सर्वांत आधी उतरवायचे ते सर्वांत शेवटी चढवायचे. दारूगोळ्याच्या गाड्या वेगळ्या आणि अधिक अंतराने. ताडपत्रीची दोरी बांधून झाली की मी तिच्यावर तळहाताने थाप मारून पाहत असे. ढिली दोरी थापेला ओलसर, बोदा आवाज देते आणि ताणलेली टणक वाजते. अंधारात डोळ्यांपेक्षा हा आवाज अधिक खरा सांगतो. पहाटे प्रत्येक चालक स्वतः तेल, पाणी, हवा, ब्रेक आणि बॅटरी पाहतो, त्याला फर्स्ट परेड म्हणतात. बर्फाच्या साखळ्या, ओढदोर आणि चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे दाखवल्याशिवाय गाडी रांगेत घेत नसत. शेवटी मिस्त्री, ओढगाडी आणि रुग्णवाहिका.

यातील कोणती क्रिया म्हणजे ‘ताफा बांधणे’? आमच्याकडे तिला गाड्या लावणे म्हणत. रात्री गाड्या लागल्या म्हणजे कॉन्व्हॉय लागली.

मोडी अभ्यासक, पंढरपूर

सुभेदारसाहेबांनी जे लिहिले त्यातील प्रत्येक वस्तूला मराठी फौजेत शब्द होता. सर्वांत पुढची ती बिनी आणि सर्वांत मागची ती चंदावल. चारा, लाकूडफाटा आणण्यासाठी छावणीबाहेर जाणारी टोळी ती कही. फारसी ‘काह’ म्हणजे गवत, त्यावरून. शत्रूची कही मारणे हे त्याची रसद तोडण्याचे पहिले पाऊल असे. मुख्य छावणीच्या आधी एक मजल पुढे जाणारे डेरे तो पेशखाना. १६९५ मध्ये कासिमखानाने असाच पेशखाना पुढे धाडला होता. संताजी घोरपड्यांनी तो गाठून जाळला आणि पुढे दोड्डेरीच्या गढीत ती सगळी मोगली फौज उपाशी कोंडली गेली.

मात्र ‘रसद’ हा शब्द तुम्ही सर्वजण फार सहज वापरता आहात. तो फारसी ‘रसीदन’ म्हणजे पोचणे या धातूपासून आलेला आहे. पेशवाईच्या कागदांत रसद म्हणजे मामलत, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार, मिळताना कमाविसदाराने (वसुली अधिकाऱ्याने) सरकारात आगाऊ भरायची रक्कम. हिशेबाच्या कागदात ‘रसद’ दिसली आणि वाचणाऱ्याने धान्याचे बैल डोळ्यांसमोर आणले, तर संपूर्ण कागदाचा अर्थ बिघडतो. शिवाय आजकाल वृत्तपत्रे कुमक आणि रसद एकाच अर्थाने वापरतात, तेही चूक आहे. कुमक माणसांची, रसद मालाची.

शिक्षिका, दक्षिण सोलापूर

एवढी चर्चा झाली, पण ज्यांनी ही रसद शेकडो वर्षे वाहिली त्यांचा शब्द कोणीच घेतला नाही, याचे मला वाईट वाटते. तो शब्द ‘तांडा’. मी लमाणांच्या तांड्यावर वाढले. आज तांडा म्हटले की लोकांना गावाबाहेरची वस्ती दिसते, परंतु तांडा मुळात चालणारा होता. त्याला नाईक होता, ठरलेली वाट होती, पुढे-मागे राखणदार होते आणि प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण होती. रात्री मुक्कामावर गोणी उतरवून त्यांचीच भिंत रचत आणि माणसे आत राहत. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहितो, की एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत. शहाजहानच्या काळातील दख्खनच्या स्वारीत भंगी आणि जंगी या नाईकांना असफखानाने ताम्रपट दिला आणि रांजणातले पाणी व छपरावरचे गवत घेण्याची मुभा दिली, ही कथा आमच्यात अजून सांगतात.

माझ्या आजीकडे गोणीचे तोंड शिवण्याचे एक दाभण होते, बोटभर लांब आणि टोकाला किंचित वाकवलेले. ती म्हणे की गोणीचा टाका एका बाजूला जड पडला तर बैलाची पाठ सोलते आणि पाठ सोललेला बैल तिसऱ्या मजलेला बसतो. सुभेदारसाहेब गाडीच्या आसावर वजन तोलतात ते हेच आहे. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यावर हा धंदा गेला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यात अपमानाची भर घातली. चालणारा तांडा तेव्हा बसवला गेला. भाषांतरात ‘रसदीचा तांडा’ आला तर तो शब्द पुन्हा चालू लागेल.

अक्कलकोटचा एक वाचक

बाईंचे म्हणणे मला मनापासून पटले. एक भर घालतो. आमच्या घरात कन्नड बोलतात आणि कन्नडमध्ये ‘तंड’ म्हणजे गट, चमू. क्रिकेटच्या संघालाही कन्नड वृत्तपत्रे तंडच म्हणतात. तांडा तेथूनच आला असावा, असे माझे मत आहे. सीमेवरच्या माणसाला असे शब्द दोन्ही हातांनी मिळतात.

संस्कृतचे निवृत्त अध्यापक, सोलापूर

ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. उद्या कोणी ‘तांडव’सुद्धा त्यात घालील. लमाण हा शब्द मात्र निश्चित ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आलेला आहे, कारण ते मीठ वाहत असत.

शिक्षिका, दक्षिण सोलापूर

सर, तंड अमान्य आणि लवण निश्चित, असे कसे? दोन्हीही ऐकून बांधलेलीच मते आहेत. मिठाचा आधार ताव्हेर्नियेकडे सापडतो, हे मान्य. वाहतूक करणाऱ्यांचे चार वर्ग होते आणि धान्य, तांदूळ, डाळी व मीठ यांपैकी एकेक वर्ग एकच जिन्नस वाही, असे तो सांगतो. पण मग उरलेल्या तिघांना लमाण का म्हणावे?

मोडी अभ्यासक, पंढरपूर

तांड्याच्या बाजूने मी उभा आहे, फक्त एक भेद ध्यानात ठेवावा. तांडा फौजेचा नसे, तो फौजेला माल विकणारा असे. ज्याचा बाजार भरलेला त्याची फौज टिकलेली. मे १७९१ मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसचे बैल मेले, धान्य संपले आणि मोठ्या तोफा फोडून त्याला मागे फिरावे लागले. त्या वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याला मेलकोट्याजवळ येऊन मिळाल्या आणि त्यांच्या बाजारातील धान्यावर इंग्रज जगले. याच्या उलट १७६० च्या डिसेंबरात मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि पानिपतावर भाऊसाहेबांच्या लष्कराची उपासमार अधिक बिकट झाली. आपल्याच जिल्ह्यात माचणूरजवळ ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षे होती. भीमेकाठच्या त्या नगराएवढ्या छावणीला रोज लागणारे धान्य आणि चारा बादशहाच्या हुकमाने उगवत नव्हता, तो वाटेवरून येत होता. म्हणून सरकारी ट्रकांच्या रांगेला तांडा म्हणणे अर्थाने थोडे सैल पडते.

निवृत्त सुभेदार, बार्शी

हा भेद योग्य आहे. कॉन्व्हॉयमध्ये कमांडर असतो आणि गाडी स्वतःच्या मर्जीने थांबत नाही. सरांनी सांगितलेल्या दमयंतीच्या कथेचे पुढे काय झाले, ते नातीकडून वाचून घेतले. तो सार्थ रात्री तळ्याकाठी पाण्याच्या वाटेवर उतरला आणि रानहत्तींनी माणसे तुडवली. थांबायची जागा पाण्याजवळ असावी, पण पाण्याच्या वाटेवर नसावी, आणि पहारा लावल्याशिवाय कोणी पाठ टेकू नये. आमच्याकडे मुक्कामाची जागा निघण्याच्या आधीच नकाशावर ठरत असे.

भाषांतरकार, जुळे सोलापूर

सर्वांचे आभार. बिनी आणि चंदावल मी घेते आहे. ‘लावणे’ हे क्रियापदही मनात बसले आहे, परंतु ‘ताफा लावला’ असे वाक्य लिहून पाहिले तर ते सुपारी देऊन कार्यक्रम ठरवल्यासारखे वाटते, म्हणजे स्नेह्यांचा आक्षेप मागच्या दाराने परत येतो. ‘कॉन्व्हॉय लावली’ म्हणावे, तर पुस्तकभर ती स्त्रीलिंगी चालेल का?

उपसंपादक, सोलापूर

आमच्याकडे पुल्लिंगीच छापतात. कॉन्व्हॉय निघाला.

निवृत्त सुभेदार, बार्शी

ज्यांनी ती चालवली ते सगळे ‘निघाली’ म्हणतात.

शिक्षिका, दक्षिण सोलापूर

मोडी अभ्यासकांना एक प्रश्न आहे. तांडा फौजेचा नसे म्हणता, पण तांड्याच्या नाईकांना दिलेली कौलपत्रे, म्हणजे अभयाची आणि सवलतींची पत्रे, पेशवे दफ्तरात असतील ना? त्यांत बैलांच्या गोणींना जकात माफ असल्याचा मजकूर येत असेल, तर तो विकणारा आणि फौजेचा यांच्या मधला कोणीतरी ठरतो. असा एखादा कागद आपण वाचलेला असल्यास त्यातील मूळ ओळ येथे द्यावी.